एकाच पायाचा बूट

जीवराम बाविस्कर यांना, म्हणजे नानांना, कुणी रस्त्यात हाक मारली, तर ते आधी खाली बघतात. अमळनेरच्या बसस्थानकावर मागे एका गृहस्थानं त्यांना नमस्कार केला. नानांनी त्याच्या पायाकडे पाहिलं, "उजवा घोटा, पाचोरा," म्हणाले, आणि मग मान वर करून त्याचं नाव विचारलं. गृहस्थ पन्नाशीचे होते, बँकेत अधिकारी होते. नानांनी त्यांना शेवटचं पाहिलं तेव्हा ते नऊ वर्षांचे होते आणि माप घेताना गुदगुल्या होतात म्हणून ओरडत होते.

नाना कॅलिपर बनवायचे. पोलिओनं पाय दुबळा झाला की त्याला उभं धरायला धातूच्या पट्ट्या, चामड्याचे बंद आणि खाली बूट असा सांगाडा लागतो, तो कॅलिपर. बोदवडजवळच्या एका खेड्यातले नाना धुळ्यात मामाच्या चपलांच्या दुकानात शिवण शिकले आणि विसाव्या वर्षी तिथल्याच एका संस्थेच्या कार्यशाळेत लागले. तीस वर्षं त्यांनी पाय मोजले. पद्धत ठरलेली. मुलाला खाकी कागदावर झोपवायचं, पेन्सिल उभी धरून पायाभोवती रेघ ओढायची, सुरुवात टाचेपासून. कोपऱ्यात लिहायचं: डावा गुडघा, बोदवड. उजवी टाच, शिरपूर. नाव शेवटी, जागा उरली तर. हे कागद आजही त्यांच्या खाटेखालच्या पत्र्याच्या पेटीत गुंडाळून ठेवलेले आहेत.

पुढे पोलिओ गेला. सगळ्यांना आनंद झाला, नानांनाही झाला. कार्यशाळा मात्र बंद पडली. नाना अमळनेरला आले आणि घराच्या पुढच्या खोलीत ऐरण मांडून बसले. आता मधुमेहवाल्यांच्या मऊ चपला, कंबरेचे पट्टे, मोडलेल्या हातांचे आधार असं किरकोळ काम येतं. नानांचं वय त्रेसष्ट. बायको बेबाबाई घरात आतबाहेर करताना कामावर शेरे मारत असते. दोघं आपसात अहिराणीत बोलतात. गिऱ्हाईक आलं की नाना पुस्तकी मराठीवर येतात, बेबाबाई येत नाही.

गेल्या डिसेंबरात जळगावहून पन्नालाल यांचा फोन आला. त्यांचं भांड्यांचं दुकान आहे. त्यांच्या मुलीला, चेलनाला, लहानपणापासून स्नायूंचा आजार आहे. स्नायू थोडे थोडे दुबळे होत जातात. चेलना एकवीस वर्षांची, आठ वर्षांपासून चाकाच्या खुर्चीत, घरी बसून वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाची परीक्षा देणारी. उजवं मनगट खाली वाकायला लागलं होतं, डॉक्टरांनी आधार करून घ्या म्हणून सांगितलं होतं. नाना पिशवी घेऊन सकाळच्या गाडीनं जळगावला गेले.

"मनगट सरळ राहील असा पट्टा करून देतो," हात पाहून ते म्हणाले.

"सरळ राहून काय करेल ते?" चेलनानं विचारलं.

तीस वर्षांत हा प्रश्न नानांना कुणी विचारला नव्हता. "सरळ राहील," ते पुन्हा म्हणाले.

"मला गाडी चालवायचीय."

"टीव्हीवरची, नाना," पन्नालाल घाईनं म्हणाले. "व्हिडिओ गेम. शर्यतीचा."

शर्यतीचाच का, याला कारण पन्नालाल यांच्या आई. सुगनबाईंनी घरात पहिला गेम आला त्याच दिवशी नियम घातला होता, ज्यात जीव मरतो तो खेळ या घरात चालणार नाही. बंदुकीवाले गेले, तलवारीवाले गेले. एका गेममध्ये रस्त्यावर कोंबड्या येत होत्या, तोही गेला. उरल्या मोटारी. दर रविवारी दुपारी चार वाजता पाच चुलत-मावस भावंडं आपापल्या गावाहून इंटरनेटवर शर्यत लावायची. जळगावची चेलना, धुळ्याचा संयम, बाकीचे सुरत आणि नाशिकचे. तीन वर्षं चेलना पहिली-दुसरी असायची.

मग हाताचे अंगठे दमायला लागले. कंट्रोलर दोन्ही हातांत धरायचा असतो आणि मुख्य काम अंगठ्यांचं असतं. वळणावर उशीर व्हायला लागला. ती शेवटची येऊ लागली. आणि या दिवाळीपासून अचानक पुन्हा दुसरी यायला लागली.

"मला वाटलं हात सुधारला," ती नानांना म्हणाली. "मग मी रिप्ले पाहिला. झालेली शर्यत पुन्हा बघता येते ना, ती. शेवटच्या सरळ रस्त्यावर सगळ्यांच्या गाड्यांचे मागचे लाल दिवे लागलेले. सरळ रस्त्यावर ब्रेक कोण मारतं, नाना?"

नानांना गाडी चालवता येत नाही. पण सरळ रस्त्यावर ब्रेक मारत नाहीत, हे त्यांनाही माहीत होतं.

"थांबत होते माझ्यासाठी. चौघंही. ठरवून." तिचा आवाज तक्रारीचा नव्हता, हिशेब सांगावा तसा होता. "आखाजीला सगळे इथेच येणार आहेत. दादीचा वर्षीतप आहे ना, त्याचं पारणं. तेव्हा एका खोलीत बसून खेळू. तोवर मला नीट चालवता आली तर ते खरं खेळतील. नाही आली तर मी हे बंद करणार. असलं दुसरं यायचं नाही मला."

नानांनी वही काढली. डिसेंबर ते आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, चार महिने. एका कॅलिपरला त्यांना कधी दहा दिवसांवर लागले नव्हते.

पहिलं यंत्र त्यांनी जानेवारीत बनवलं. अमळनेरलाच मोनाली नावाची तिशीतली बाई मोबाइल आणि टीव्हीचे रिमोट दुरुस्त करते. तिनं जुना कंट्रोलर उघडला, आतल्या पट्टीवरून वायरी बाहेर काढल्या आणि त्यांना माऊसमधली बारीक बटणं जोडली. आता बटण कुठंही नेता येणार होतं. नानांनी अॅल्युमिनियमची पट्टी तापवून मनगटाच्या आकाराची वळवली, आतून फेल्टचं मऊ अस्तर, वरून मऊ चामड्याचे दोन बंद, पितळी बक्कल. प्रत्येक बोटाखाली एक बटण. मनगट अगदी सरळ. इतकं देखणं काम बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं. मोनाली म्हणाली, "नाना, हे कपाटात ठेवायची वस्तू झालीय."

जळगावला सुगनबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी वस्तू हातात घेतली नाही, नुसती नाकाजवळची हवा ओढली.

"चमडा?"

"मऊ आहे, आई. वासराचं…" नाना म्हणाले आणि तिथेच थांबले.

पन्नालाल छताकडे बघायला लागले. जैन घरात, एक दिवसाआड उपास करणाऱ्या बाईसमोर, हे वाक्य अर्धं बोलून झालं होतं. चेलना इतकी हसली की तिची मान कलंडली आणि आईला येऊन सरळ करावी लागली. नानांनी अंगणात बसून बंद उसवले आणि पन्नालालांच्या दुकानातून आलेल्या सुती नाड्या लावल्या.

पण खरी अडचण ती नव्हती. यंत्र बसलं छान, चेलनाला बटण दाबता येईना. नानांना वाटलं बटण कडक आहे. मोनालीनं त्याहून हलकं शोधलं. मग ते बोटाच्या नुसत्या कंपनानं दाबलं जाऊ लागलं, गाडी आपोआप भिंतीवर जाऊ लागली. नानांनी फेल्ट बदललं, पट्टी दोराभर खाली घेतली, पुन्हा वर घेतली. तीन फेऱ्या झाल्या. चेलना दर वेळी "छान आहे" म्हणायची आणि दर वेळी गाडी पहिल्या वळणावर भिंतीत जायची.

फेब्रुवारीच्या शेवटी नाना चौथ्यांदा पट्टी ठोकत बसले होते. बेबाबाई दारात तांदूळ निवडत होती.

"पोरगी खेळ मांगी राहिनी," ती म्हणाली, "अन् तुमी तिना हात सरळ करी राहिनात."

"मंग? वाकडा ठेवू का?"

"ती आजवर कसा खेळे? वाकडा हातवरच ना?"

नानांनी हातोडी खाली ठेवली. जळगावला पहिल्या दिवशी तिला खेळताना पाहिलं होतं ते त्यांनी आठवून पाहिलं. मनगट खुर्चीच्या हातावरून खाली लोंबत होतं आणि त्या लोंबण्याच्या भारानंच बोट हलत होतं. जे वाकडं दिसत होतं तिथूनच तिला जोर मिळत होता. नानांनी चार वेळा नेमका तोच काढून घेतला होता. तीस वर्षं वाकडं सरळ करण्याचा पगार घेतलेल्या माणसाकडून दुसरं काही होण्यासारखंही नव्हतं.

पट्टीच्या मापाचा कागद त्यांनी फाडला नाही. कोपऱ्यात "चूक" लिहून पेटीत टाकला.

मार्चमध्ये ते पुन्हा गेले तेव्हा पट्टी नव्हती. पाटी होती, शाळेतली काळी, आणि तोंडाला लावायच्या पावडरीचा डबा. पाटीवर पावडर भुरभुरवली, चेलनाचा हात तिला हवा तसा, वाकलेलाच, तिच्यावर ठेवला आणि म्हणाले, "आता काही दाबू नकोस. नुसतं हिंडव."

उजव्या हाताच्या पहिल्या बोटानं पावडरीत एक लहानशी कमान काढली. नानांनी मोजली. अठरा मिलिमीटर. खाली दाबायला त्या बोटात जोर नव्हता, आडवं सरकायला होता. डाव्या हाताच्या बोटांनी पावडर जेमतेम विसकटली. म्हणजे उजव्या बोटानं गाडी डावीकडे-उजवीकडे वळवायची सोय झाली. वेग आणि ब्रेक राहिले.

मोनाली त्या दिवशी सोबत आली होती. तिनं गेममधले पर्याय चाळून काढले होते. "यात एक सोय आहे," ती म्हणाली. "सुरू केली की गाडी वळण आलं की स्वतःच ब्रेक मारते. तुला फक्त वळवायचं."

"मग चालवणार कोण? मी का ती?"

"अगं, सगळेच वापरतात नवीन असताना."

"मी नवीन नाही, ताई. कुठलं बटण कुठं लावायचं ते हवं तेवढं बदल. गाडी माझ्यासाठी थांबायला नको. ते आधीच चौघं करतायत."

मोनाली नानांकडे बघू लागली. नाना म्हणाले, "बरोबर बोलतेय ती. कॅलिपर गुडघा धरतो. चालतं माणूसच."

हे बोलता बोलता ते खाली बसले होते. त्यात विचार काही नव्हता. माप टाचेपासून सुरू करायचं, तीस वर्षांची सवय. खुर्चीच्या पायटेकावर चेलनाचे पाय शालीत गुंडाळलेले असत. नानांनी शाल बाजूला केली, मोजे काढले, डावी टाच तळव्यात घेतली.

"नाना, पायांनी काही होत नाही," चेलनाची आई म्हणाली. "चौदाव्या वर्षानंतर उभीच नाही राहिली ती."

"हो, हो," म्हणत नानांनी पाटी तळव्याखाली सरकवली. "अंगठा हलव बरं."

डाव्या पायाचा अंगठा खाली गेला, वर आला. पुन्हा खाली गेला. पावडरीत स्वच्छ ठसा उमटला. नानांनी आपलं बोट त्याच्याखाली धरलं आणि म्हणाले, "दाब." मग म्हणाले, "अजून दाब." मग पिशवीत पेन्सिल शोधू लागले.

आठ वर्षं त्या पायांवर शाल होती. डॉक्टर हात बघत होते, घरचे हात बघत होते, गेम बनवणाऱ्यांनी तर माणसाला हातच असतात असं धरलेलं. अंगठा हलतो हे चेलनाला माहीत होतं. "कुणी विचारलंच नाही," ती म्हणाली. "आणि मला तरी काय उपयोग होता त्याचा?"

नानांनी खाकी कागद पसरला.

मार्च संपेपर्यंत अमळनेरच्या पुढच्या खोलीत बूट तयार होत होता. जाड कॅनव्हासचा, सुती दोऱ्यानं शिवलेला, पुढून उघडा. अंगठ्याच्या खाली एक बटण, वेगाचं. वर लहानशा पट्टीवर दुसरं, अंगठा उचलला की लागणारं, ब्रेकचं. हातासाठी लाकडाची एक फळी, तिच्यात खाच, खाचेत बोट, दोन्ही बाजूंना एकेक बटण. मनगट फळीच्या कडेवरून खाली लोंबतं.

बेबाबाईनं बूट उचलून उलटापालटा केला. "एकच? दुसरा पाय काय माहेर गया का?"

"दुसराले काम नही."

"ज्या पायले चालनं नही तेले बूट, अन् तोबी एक." तिनं तो नाकाशी नेला. "चामडाना वास तं नही ना? नही तं म्हातारी परत दारमा उभी राही."

नानांनी तो आदल्या दिवशी दोनदा उन्हात ठेवला होता. कॅनव्हासला कसला वास, पण ठेवला होता.

बूट पोचल्यावर चेलना रोज दोन तास सराव करू लागली. पहिल्या आठवड्यात अंगठा इतका दुखला की तिनं नानांना फोन केला. दुखणं ऐकून नानांना बरं वाटलं. दुखतं म्हणजे तिथं कुणीतरी काम करतंय, असं ते म्हणाले. तिसऱ्या आठवड्यात ती एकटीनं शर्यत पुरी करू लागली. भावंडांना काही सांगायचं नाही, असं तिनं घरात बजावलं होतं. रविवारच्या शर्यतींत ती जुन्याच कंट्रोलरनं खेळायची आणि लाल दिवे मोजायची.

आखाजीच्या दिवशी जळगावात सकाळी नऊलाच ऊन टोचत होतं. गल्लीतल्या कडुलिंबाला मुलींनी झोके बांधले होते. सासरहून आलेल्या बायका पाळीपाळीनं बसत होत्या. पन्नालालांच्या घरी दोनशे माणूस येऊन गेलं. एक वर्ष एक दिवसाआड उपास केलेल्या सुगनबाईंनी उसाच्या रसानं पारणं केलं. नाना आणि बेबाबाई मुद्दाम बोलावलेले पाहुणे होते. बेबाबाईनं वाकून नमस्कार केला तेव्हा सुगनबाईंनी तिच्या कानाशी विचारलं, "आज बॅगेत काही चमड्याचं नाही ना?"

दोन वाजता पाहुणे ओसरले. आतल्या खोलीत कूलर लावला, पडद्यासमोर पाच भावंडं बसली. संयमनं बूट पाहिला.

"दीदी, हे काय? ड्रायव्हर पायात ठेवलास?"

"तू तुझं बघ."

"नाना, लायसन्स आहे का या अंगठ्याला?"

"चालवून बघ, मग विचार," नाना म्हणाले. ते दाराजवळ जमिनीवर बसले होते, तिथून चेलनाचा पाय दिसत होता. पडद्याकडे त्यांची पाठ होती.

पहिली शर्यत झाली. चेलना दुसरी आली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, सुरतेच्या बहिणीनं शिट्टी मारली. चेलना म्हणाली, "रिप्ले लाव."

"कशाला, दीदी? मस्त चालवलीस."

"लाव."

संयमनं लावला. शेवटचा सरळ रस्ता आला. पुढच्या तीन गाड्यांचे मागचे दिवे लाल झाले, अगदी एकाच वेळी.

"ऑक्टोबरपासून मोजतेय मी," चेलना म्हणाली. "आणखी एक खेळू. यात एक जरी दिवा दिसला तर हे सगळं नानांच्या पिशवीत जाईल आणि रविवारी चार वाजता मी झोपेन. तुम्ही खेळा आपलं."

संयमचे कान लाल झाले होते. "दीदी, आम्हाला वाटलं…"

"माहितीय काय वाटलं. सुरू कर."

दुसरी शर्यत. नानांना पडदा दिसत नव्हता, पण अंगठा दिसत होता. तो खाली जाई, सुटे, उचले, पुन्हा खाली. वळणं ते त्याच्यावरून मोजू लागले. पहिल्या फेरीला खोलीत थट्टा चालू होती. दुसऱ्या फेरीला ती थांबली. "अरे, ही आत घुसली," नाशिकचा भाऊ म्हणाला. तिसऱ्या फेरीला संयम उकिडवा बसला होता आणि चेलनाची गाडी त्याच्या मागे हातभर अंतरावर होती. चौथ्या फेरीत ती शेजारी आली. संयम बडबडू लागला, "नाही, नाही, नाही, दीदी, नाही हं…"

शेवटच्या वळणावर तिनं अंगठा उचलला, आतली बाजू धरली आणि त्याच्या पुढे निघाली. संयमनं पाहिलं की आता ही जातेय. त्यानं सरळ आपली गाडी तिच्या गाडीवर घातली. चेलनाची गाडी कठडा तोडून शेतात गेली. तो पहिला आला. बाकीच्यांतले दोघंही पुढे निघून गेले. ती शेतातून वर येईपर्यंत चौथी झाली होती.

"ढकललंस!" चेलना ओरडली. "मेल्या, ढकललंस मला!"

"तू मध्ये आलीस!"

"मी मध्ये? आतली बाजू माझी होती! चोर आहेस तू! पप्पा, यानं मला ढकललं!"

ती इतकी हसत होती की मान पुन्हा कलंडली. संयम हात हलवून बाजू मांडत होता, सुरतेची बहीण त्याला उशीनं मारत होती. सुगनबाई आतून आल्या.

"कोणी मेलं का?"

"नाही, दादी. दीदीची गाडी शेतात गेली."

"मग ती हसते कशाला?"

चेलना म्हणाली, "रिप्ले." लावला. शेवटचा सरळ रस्ता आला. तीन गाड्या भरधाव निघून गेल्या. मागे एकही दिवा नव्हता.

"परत खेळायचं," ती म्हणाली. "आता मी याला ढकलणार आहे."

नाना तोवर पुढे सरकून तिचा डावा पाय मांडीवर घेऊन बसले होते. अंगठ्याखालचं फेल्ट पार दबलं होतं, बटण एका बाजूला कललं होतं. मार्चमध्ये मोजलेल्या जोराला हे फेल्ट पुरेसं होतं. आज तिनं त्याहून बराच लावला होता.

"दुहेरी थर लागेल," ते म्हणाले. "पाच मिनिटं."

"नाना," संयम त्यांच्या कानाशी वाकला, "सावकाश करा. स्क्रू जरा ढिला राहिला तरी चालेल."

"तू सरक रे तिकडे. ढकलणाऱ्याशी मी बोलत नाही."

बेबाबाई दारातून म्हणाली, "पाचनी गाडी चुकी जाई."

नानांनी तोंडातली सुई काढून फेल्टचा दुसरा थर टाचायला घेतला. ती गाडी चुकली. त्या दुपारी आणखी चार शर्यती झाल्या. चेलना एकदा दुसरी आली, एकदा चौथी, दोनदा पाचवी. पाचवी आली त्यातल्या एकीत तिनं संयमला ढकललं होतं आणि स्वतःही शेतात गेली होती.